सही जुळते का?

बेसबॉलच्या चेंडूवर सही कुठे घ्यायची हे ठरलेलं असतं. आठच्या इंग्रजी आकड्यासारखे कापलेले पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी एकमेकांना शिवलेले असतात. चेंडू हातात फिरवत गेलं की शिवणीच्या दोन कडा एका ठिकाणी अगदी जवळ येतात आणि मध्ये जेमतेम इंचभर पट्टी उरते. मोठ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, चेंडूवर अशा एका पट्टीवर कमिशनरची, म्हणजे लीगच्या प्रमुखाची, छापील सही असते. तिच्या विरुद्ध बाजूची पट्टी कोरी असते. जमवणारे लोक तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात आणि तिथे दुसरं काही लिहिलेलं त्यांना चालत नाही. एका बाजूला छापलेली सही आणि दुसऱ्या बाजूला हाताने केलेली, असा तो चेंडू असतो.

माझ्याकडे असे ४३ चेंडू आहेत. प्रत्येकावर साय यंग पुरस्कार मिळालेल्या एखाद्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, सही आहे. घरी येणारे आपले मराठी लोक कपाटासमोर थांबतात आणि विचारतात, “क्रिकेट सोडून हे काय?” क्रिकेट मी सोडलेलं नाही. पण या चेंडूंचा आणि माझा संबंध खेळाच्या आधी सुरू झाला, मिरजेत, एका बँकेच्या टेबलाशी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरजेतल्या एका सहकारी बँकेत ३४ वर्षं होते. त्यातली शेवटची बरीच वर्षं ते पासिंगला बसायचे. चेक किंवा पैसे काढायची स्लिप काउंटरवर आली, लेजरला नोंद पडली, की अण्णांच्या टेबलावर यायची. त्यांच्या उजव्या हाताशी एक लांबट लाकडी ट्रे असायचा, त्यात खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डं. कार्ड काढायचं, स्लिपशेजारी धरायचं, क्षणभर बघायचं आणि लाल शाईने आपली बारीक सही मारायची. ती सही झाली की कॅशियर टोकनचा नंबर पुकारायचा.

शाळा सुटल्यावर मी कधीकधी बँकेत जाऊन बसायची. जुन्या, निकाली निघालेल्या स्लिपा अण्णा मला खेळायला द्यायचे आणि विचारायचे, “बाळ, या दोन्ही एकाच माणसाच्या का?” मी नाव वाचायला लागले की म्हणायचे, “वाचू नको. नाव वाचलंस की फसलीस. उलटी धर आणि बघ.” सही उलटी धरली की अक्षरं नाहीशी होतात. राहते फक्त रेघ. ती कुठे दाबली गेली, कुठे पळाली, कुठे हात उचलला, शेवट कसा सुटला. खऱ्या सहीचा शेवट निमुळता असतो, कारण पेन कागदावरून उठतानाही हात चालूच असतो. नक्कल करणारा शेवटी थांबतो, म्हणून तिथे शाईचा ठिपका पडतो. हे मला सातवीत माहीत होतं. पुढे ते ॲरिझोनात उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं असतं!

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. फेब्रुवारीच्या मध्यात इथली हवा आपल्याकडच्या मार्गशीर्षासारखी असते, सकाळी शाल आणि दुपारी ऊन. तेव्हा मोठ्या लीगच्या ३० संघांपैकी १५ संघ सरावासाठी आमच्या अवतीभवती येऊन उतरतात. पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर सगळ्यांच्या आधी येतात, बाकीचे मागून. मेसा, स्कॉट्सडेल, टेम्पी, पिओरिया, सरप्राइझ, प्रत्येक उपनगरात मैदान. ही मैदानं लहान आहेत. कठड्यावरून वाकलं की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो.

मार्च २००९ मध्ये मी मुलाला, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, स्कॉट्सडेलच्या मैदानावर घेऊन गेले. कठड्याशी पोरांची झुंबड होती. एक उंच पिचर सावकाश चालत आला आणि एकेकाचा चेंडू घेऊन सही करू लागला. शेजारचे आजोबा मला हळूच म्हणाले, “याला साय यंग मिळालंय बरं.” मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या टोकांना घट्टे पडलेले. त्या बोटांत पेन आगपेटीच्या काडीएवढं दिसत होतं. सही झाली, चेंडू मुलाच्या हातात आला आणि मी तो तिथेच उलटा धरला. रेघ शेवटाला निमुळती होत गेली होती.

मुलाचा छंद दोन वर्षांत संपला. माझा तिथून सुरू झाला.

आता साय यंग कोण ते सांगायला हवं. डेन्टन ट्रू यंग, ओहायोतल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८६७. चेंडू वावटळीसारखा टाकायचा म्हणून ‘सायक्लोन’ आणि त्याचं पुढे ‘साय’. बेसबॉलमध्ये प्रत्येक विजयाचं श्रेय एका पिचरच्या नावावर लिहिलं जातं. त्याच्या नावावर असे ५११ विजय आहेत. ७४९ सामन्यांत तर पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत तो एकटाच टाकत राहिला. आजचे पिचर सामन्याच्या नऊ डावांपैकी पाच-सहा डाव टाकून बाहेर येतात, त्यामुळे हे आकडे आता कुणी गाठणार नाही. तो नोव्हेंबर १९५५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षापासून उत्तम पिचरला त्याच्या नावाने पुरस्कार द्यायला सुरुवात झाली. मतं पत्रकारांची. मोठ्या लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. पहिली ११ वर्षं दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार होता. १९६७पासून प्रत्येक लीगला एकेक. १९६९ साली अमेरिकन लीगमध्ये माइक क्वेयार आणि डेनी मॅकलेन यांना सारखीच मतं पडली आणि पुरस्कार दोघांत वाटला गेला. मग मतदानाची पद्धतच बदलली.

पहिला मानकरी ब्रुकलिन डॉजर्सचा डॉन न्यूकम. १९५६ साली २७ विजय. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगची दारं १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने उघडल्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, आणि न्यूकम स्वतः काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधून आलेला. त्याच वर्षी त्याला त्याच्या लीगमधल्या साऱ्या खेळाडूंत सर्वोत्तम हाही मान मिळाला. माझ्या कपाटात पहिला खण त्याचा आहे. त्याच्या सहीतला पहिला ‘डी’ मी तासन् तास बघू शकते.

मला या सह्यांचं एवढं का वाटतं ते इथे सांगते. फलंदाजाची सही घेतली तर ती फलंदाजाची सही असते. लेखकाची घेतली तर तीही त्याच्या रोजच्या कामाच्या जवळची असते. पण पिचरचं सगळं कर्तृत्व त्याच्या एका हाताच्या बोटांत असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याच बोटांनी तो पेन धरतो. ज्या चेंडूवर तो जगला त्याच चेंडूवर त्याचा हात पुन्हा एकदा चालतो, फक्त या वेळी चेंडू स्थिर असतो आणि बोटं हलतात.

बोटांचंच बघा. ब्रूस सटर, १९७९चा मानकरी, तर्जनी आणि मधलं बोट फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू धरायचा. तो चेंडू फलंदाजापाशी पोचता पोचता खाली कोसळायचा. फर्नांडो व्हॅलेन्झुएला मेक्सिकोतल्या खेड्यातून आलेला, १९८१ साली अवघ्या २० वर्षांचा. त्याचं हत्यार स्क्रूबॉल. मनगट नेहमीच्या उलट दिशेला पिळून टाकायचा चेंडू. नवोदितांतला सर्वोत्तम आणि साय यंग, हे दोन्ही एकाच वर्षी मिळवणारा तो एकटाच. आमच्या भागात मेक्सिकन वस्ती मोठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो गेला तेव्हा माझ्या ओळखीच्या एका दुकानदार बाईंनी काउंटरवर त्याचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली होती. ग्रेग मॅडक्स, १९९२ ते १९९५ लागोपाठ चार वर्षं विजेता, वेगासाठी कधीच ओळखला गेला नाही. चेंडू हवा तिथे टाकणं आणि शेवटच्या क्षणी बोटभर वळवणं, एवढंच त्याचं शस्त्र. स्टीव्ह कार्लटनच्या संघाने १९७२ साली अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यातले २७ एकट्या कार्लटनच्या नावावर. तो पुढे पत्रकारांशी बोलायचाच बंद झाला, कित्येक वर्षं. तरी १९८० आणि १९८२ मध्ये त्याच पत्रकारांनी मतं देऊन त्याला पुन्हा पुरस्कार दिला. हे मला दोन्ही बाजूंनी मोठं वाटतं.

सँडी कोफॅक्सचा चेंडू मिळवायला मला आठ वर्षं पैसे बाजूला टाकावे लागले. पन्नासाव्या वाढदिवसाला मी तो स्वतःसाठी घेतला. १९६३, १९६५ आणि १९६६. तिन्ही वेळा दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार होता आणि तिन्ही वेळा एकही मत दुसरीकडे गेलं नाही. शेवटच्या हंगामात २७ विजय आणि मग तिशीतच निवृत्ती, कारण डाव्या कोपराला संधिवात जडलेला. ज्या हाताने खेळायचं तोच हात उरलेल्या आयुष्यासाठी वाचवायचा म्हणून तो थांबला.

आमच्याच ॲरिझोनाच्या संघातला ब्रँडन वेब इतका भाग्यवान नव्हता. २००६ साली त्याला साय यंग मिळालं. पुढची दोन्ही वर्षं तो दुसरा आला. एप्रिल २००९ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो चार डाव टाकून बाहेर आला, खांदा दुखत होता म्हणून. त्यानंतर मोठ्या लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. शस्त्रक्रिया झाल्या, परतायचे प्रयत्न झाले, नाही जमलं. आणि त्याच वर्षी मी जमवायला सुरुवात केली होती. माझ्या कपाटात वेबचा खण न्यूकमच्या लगेच शेजारी आहे. वर्षांच्या क्रमाने तो तिथे येत नाही, पण मी तिथेच ठेवलाय.

जमवणं कसं चालतं तेही थोडं सांगते. चेंडूवर सही निळ्या बॉलपेननेच घ्यायची. जाड मार्कर कातड्यात फुटतो आणि काही वर्षांनी रेघेभोवती पिवळट धूर पसरल्यासारखा दिसतो. ऊन लागू द्यायचं नाही. कठड्याशी उभं राहायला वेळ आणि पाय दोन्ही लागतात. तेवढं जमत नसेल तर टपाल. पत्र हाताने लिहायचं, सोबत कार्ड आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट. काही पाकिटं येतच नाहीत. माझं एक १४ महिन्यांनी आलं. पाकिटावर माझंच अक्षर, आणि ते माझ्या दारात पडलेलं बघून क्षणभर वाटलं की आपणच आपल्याला पत्र टाकलंय. उरलेले चेंडू विकत घ्यावे लागतात, आणि तिथे खोट्या सह्यांचा प्रश्न येतो.

गेल्या शतकाच्या शेवटी एफबीआयने सॅन दिएगोकडून एक मोठा तपास केला. त्याला ‘ऑपरेशन बुलपेन’ असं नाव होतं. खोट्या सह्या करून विकणाऱ्यांची एक अख्खी साखळी त्यात सापडली. एकेक माणूस बसून जुन्या काळच्या बेब रूथसारख्या दिग्गजापासून हयात खेळाडूंपर्यंत सगळ्यांच्या सह्या करत होता. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते. मी हे अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या बाईंनी चेंडू हातात घेतला असेल का गं कधी?” त्यांना गंमत वाटली नाही, त्रास झाला. सही खोटी करणं ही त्यांच्या लेखी चोरीच होती, पण पैशाची नाही, माणसाची. पुढे २००१ साली लीगने स्वतःची व्यवस्था सुरू केली. सही होताना समोर साक्षीदार हजर हवा, मग चेंडूवर नंबराचा चकचकीत स्टिकर. चांगली व्यवस्था आहे. पण त्यापूर्वीच्या चेंडूंना साक्षीदार कुठून आणायचा? तिथे मी चेंडू उलटा धरते.

मी एक वहीही ठेवते. लांबट, लाल पाठीची, खतावणीसारखी आखलेली. अनुक्रम, नाव, पुरस्काराचं वर्ष, सही कुठे आणि कशी मिळाली. शेवटचा रकाना ‘पास’. तो मी सवयीने आखला आणि सगळा कोरा राहिला. पास करणारी मी कोण?

एक खण रिकामा आहे. माइक मार्शल, १९७४. पुरस्कार मिळवणारा पहिला राखीव पिचर, म्हणजे सामना चालू असताना दुसऱ्याच्या जागी येऊन टाकणारा. त्या एका हंगामात तो १०६ सामन्यांत मैदानात उतरला. हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात त्याने डॉक्टरेट केली. आणि मुलांना सही द्यायला तो नकार द्यायचा. खेळाडू हे मुलांचे आदर्श असू नयेत, सही घ्यायचीच तर शिक्षकांची घ्या, असं त्याचं म्हणणं. त्यावरून त्याला बरीच बोलणी खावी लागली. तो २०२१ मध्ये वारला. त्याच्या सहीचे चेंडू बाजारात मिळतात, पण मी घेत नाही. ज्याने कठड्याशी उभ्या पोराला ‘नाही’ म्हणायचं धाडस केलं, त्याची सही पैसे देऊन आणणं मला पटत नाही. त्या खणात मी माझं चौथीचं प्रगतिपुस्तक ठेवलंय. त्यावर वर्गशिक्षिकेची सही आहे, आणि खाली ‘पालकांची सही’ या ओळीवर अण्णांची, सहामाहीला एक आणि वार्षिकला एक. दोन्ही उलट्या धरून बघितल्या आहेत. जुळतात.

मार्शलचं म्हणणं मला पूर्ण मान्य नाही, तेही सांगायला हवं. आर. ए. डिकीचं उदाहरण घ्या. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून खेळला. एका संघाने त्याला आठ लाख दहा हजार डॉलर देऊ केले. मग मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या फोटोत त्याचा उजवा हात जरा विचित्र लोंबतोय हे कुणाच्या तरी लक्षात आलं. तपासणी झाली, तर कोपर सांधून धरणारं लिगामेंटच नव्हतं. रक्कम ७५ हजारांवर आली. पुढची कित्येक वर्षं तो या गावातून त्या गावात भटकत राहिला आणि शेवटी नकलबॉलकडे वळला. चेंडू बोटांच्या नखांनी धरायचा आणि असा सोडायचा की तो फिरताच कामा नये. न फिरणारा चेंडू हवेत कुठे झुकेल हे टाकणाऱ्यालाही कळत नाही. २०१२ साली, अडतिसाव्या वर्षी, मुख्यतः याच चेंडूच्या जोरावर त्याला साय यंग मिळालं. नकलबॉलवर जगणाऱ्या पिचरला ते पहिल्यांदाच.

त्याच वर्षीच्या जानेवारीत तो किलिमांजारो चढला होता, एका मुंबईतल्या संस्थेसाठी पैसे उभे करायला. लाखभर डॉलरहून जास्त जमले. आणि पुरस्कारानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, तो आपल्या दोन मुलींना घेऊन मुंबईत आला, कामाठीपुऱ्यात, जिथल्या बायका-मुलींसाठी ती संस्था काम करते. ही बातमी मी चँडलरमध्ये वाचली. मुंबईत नोकरी करताना दोन वर्षं माझी बस कामाठीपुऱ्यावरून जायची. मी एकदाही उतरले नाही. डिकीची सही बघितली की मला तो बसचा थांबा आठवतो. मार्शलला काय वाटलं असतं कोण जाणे, पण ही सही घरात असावी असं मला वाटतं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉय हॅलडेचं विमान समुद्रात कोसळलं. तो ४० वर्षांचा होता, दोन्ही लीगमध्ये साय यंग मिळवलेला. त्या रात्री मी त्याचा चेंडू काढून मांडीवर घेऊन बसले होते. इंटरनेटवर सह्या विकणाऱ्यांच्या किमती तेव्हाच चढायला लागल्या होत्या. मी त्या बघितल्या आणि बंद केल्या. याच महिन्यात, दोन आठवड्यांनी, मिरजेहून भावाचा फोन आला. अण्णांना कंपवात असल्याचं निदान झालं होतं.

उजवा हात आधी गेला. चहाची बशी, शर्टाची बटणं, मग पेन. दोन वर्षांनी त्यांची एक मुदत ठेव पिकली आणि ते भावाबरोबर पैसे काढायला गेले. ती त्यांची जुनी बँक नव्हती, दुसरी होती. टेबलावरचा मुलगा नम्र होता. तीन वेळा सही करून घेतली, तीनही वेळा कार्डाशी ताडून बघितली आणि म्हणाला, “काका, जुळत नाही. अंगठा घेऊ या का? तुम्हाला सोपं पडेल.”

यातलं जड काय आहे ते समजायला अण्णांच्या बँकेतली एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची खाती होती. बहुतेकजणी अंगठा उठवायच्या. दुपारी गर्दी ओसरली की अण्णा त्यांना वाया गेलेल्या स्लिपांच्या मागे सही शिकवायचे. वर्णमाला नाही, फक्त त्यांचं स्वतःचं नाव. एका मावशींनी पहिली सही केली आणि ती स्लिप बँकेला द्यायलाच तयार होईनात. घरी न्यायची होती. अण्णांनी त्यांना दुसरी स्लिप दिली, तिच्यावर सही घेतली आणि पहिली घरी नेऊ दिली.

त्या अण्णांनी शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला. घरी येऊन साबणाने बराच वेळ धूत होते, असं भाऊ म्हणाला. मी फोनवर त्या बँकेवर चिडले, त्या मुलावर चिडले. अण्णांनी मला बोलू दिलं आणि शेवटी म्हणाले, “त्याचं बरोबर होतं. मीही पास केली नसती.”

त्याच डिसेंबरात मी मिरजेला गेले तेव्हा दोन चेंडू नेले. दोन्हींवर एकाच माणसाची सही आहे. एक तो खेळत होता तेव्हाची, एक तो ऐंशीच्या पुढे गेल्यावर मला टपालाने आलेली. त्यांचं नाव लिहीत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या हाताची जाहिरात कशाला. दुसऱ्या चेंडूवरची रेघ वेडीवाकडी आहे, आडवी जाता जाता चार ठिकाणी हललेली. एका जाणकाराने तो चेंडू बघून मान हलवली होती आणि म्हणाला होता, घरच्या कुणीतरी केली असणार.

सोप्यात खुर्ची उन्हाला सरकवून अण्णा बसले होते. मी दोन्ही चेंडू त्यांच्या मांडीवर ठेवले, खाली उशी घातली, म्हणजे घरंगळणार नाहीत. त्यांनी चष्मा मागितला. पहिला चेंडू डाव्या हाताने हळूहळू उलटा केला. मग दुसरा. खूप वेळ काही बोलले नाहीत. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“हे शेवटचं अक्षर बघ,” ते म्हणाले. “इथे हात वर उडतो त्यांचा. दिसतंय?”

“हो.”

“आता इथे बघ. इथेही उडालाय. हलत हलत उडालाय, पण थांबला नाही कुठे. ठिपका नाही शेवटाला.” त्यांनी नखाने ती रेघ दाखवली, चेंडूला न लावता. “नक्कल करणारा असा थरथरत नाही बाळ. तो जपून करतो.”

मग त्यांनी विचारलं, वही आणलीस का?

वही बॅगेत होती. मी काढली, त्या दोन नोंदींचं पान उघडलं. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. लाल पेन घरात सापडेना. शेवटी भाचीच्या दप्तरात एक मिळालं, शाळेत चुका सुधारायचं. अण्णांनी ते उजव्या हातात घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि वाकले. पान हलू नये म्हणून मी वही दोन्ही हातांनी धरून ठेवली.